सेक्स्टंट, चष्मा आणि सात पॉवरची दुर्बीण: आधी चूक कुठल्या जातीची ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहता, चाळिशी ओलांडली आहे, उजव्या डोळ्याचा नंबर उणे अडीच आणि वर सव्वाचा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर). मायक्रोमीटर ड्रमचा (मिनिटं वाचायच्या फिरत्या चकतीचा) जुना, धातूचा सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-तारे क्षितिजापासून किती वर आहेत तो कोन मोजायचं जहाजी उपकरण, हाती लागलाय, त्यावर ४×४० ची, म्हणजे चार पॉवरची, दुर्बीण आहे. डिसेंबरात गणपतीपुळ्याला जाऊन दुपारी तीननंतर सूर्याच्या पाच साइट (क्षितिजापासूनच्या उंचीची मोजमापं) घेतल्यात. पाचही वेळा त्यांवरून काढलेली तुमच्या जागेची नकाशावरची रेषा किनाऱ्यावर न पडता सूर्याच्या दिशेनं समुद्रात पडली: २.७, ३.६, ३.१, ३.४ आणि २.९ मैल. यावरून तुम्ही ठरवलंत की डोळे दगा देतायत, आणि विचारताय की सात पॉवरची प्रिझमवाली दुर्बीण घेतली तर हा तीन मैलांचा फरक जाईल का.

नाही जाणार. आणि तुमच्या डोळ्यांवर आळ घेण्याचंही काही कारण मला दिसत नाही. तुमचेच आकडे त्यांच्या बाजूनं साक्ष देतायत.

पाच आकड्यांची सरासरी ३.१ येते. प्रत्येक साइट त्या सरासरीपासून अर्ध्या मैलाच्या आत आहे. किनाऱ्यावर उभं राहून, नवख्या हातानं, चार पॉवरच्या दुर्बिणीतून अर्ध्या मिनिटात बसणारी साइट म्हणजे उत्तम काम. (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, उंचीतली एका मिनिटाची चूक म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. घड्याळाबद्दल बोलेन तेव्हा तसं सांगेन.) डोळा कमजोर असता तर आकडे विखुरले असते: एखादा दोन मैल समुद्रात, एखादा दीड मैल जमिनीवर. तुमचे सगळे एकाच बाजूला, एकाच अंतरावर आहेत. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्या खेळातल्या कुणालाही विचारा, सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून पण डावीकडे लागल्या तर नेमबाज चष्मा बदलत नाही, रायफलवरची नेम धरायची साइट सरकवतो.

म्हणजे चुका दोन जातींच्या. एक विखुरणारी, जी डोळा, हात, लाटा, दुर्बीण यांच्यामुळे येते आणि जास्त साइट घेऊन सरासरी काढली की कमी होते. दुसरी ढकलणारी, जी प्रत्येक साइटला एकाच बाजूला तेवढंच ढकलते. तिच्यावर शंभर साइटच्या सरासरीचाही उपाय चालत नाही. दुर्बिणीची पॉवर फक्त पहिल्या जातीशी बोलते. तुमची तक्रार दुसरीची आहे.

आता ती आली कुठून? तुम्ही जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं मला प्रश्नापेक्षा जास्त कामाची वाटली. पहिलं: “घरून निघताना समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीवर इंडेक्स एरर शून्य करून घेतो.” दुसरं: “आय हाइट १.७ मीटर धरली.” (इंडेक्स एरर म्हणजे कोन शून्य असताना सेक्स्टंट जो आकडा दाखवतो तो, आय हाइट म्हणजे डोळ्याची उंची.)

टाकीचं आधी बघू. सेक्स्टंटमध्ये तुम्ही एकच वस्तू दोन वाटांनी बघता. एक वाट दुर्बिणीतून सरळ, दुसरी वरच्या इंडेक्स आरशावरून. या दोन वाटांमध्ये साधारण सहा सेंटीमीटरचं अंतर असतं. तारा किंवा समुद्राचं क्षितिज इतकं लांब असतं की ते सहा सेंटीमीटर हिशेबातच येत नाहीत. पण टाकी शंभर मीटरवर असेल तर सहा सेंटीमीटर भागिले शंभर मीटर, म्हणजे कोनात जवळपास दोन मिनिटं. तुम्ही टाकीच्या दोन प्रतिमा जुळवल्यात आणि स्क्रू फिरवून तिथे शून्य आणलंत. प्रत्यक्षात सेक्स्टंटला दोन मिनिटांची इंडेक्स एरर नव्यानं बहाल केलीत. दिशाही जुळते. अशा रीतीनं शून्य केलेला सेक्स्टंट लांबच्या वस्तूला दोन मिनिटं जास्त दाखवतो, सूर्याची उंची जास्त मोजली जाते, आणि उंची जास्त म्हणजे रेषा सूर्याकडे सरकते. डिसेंबरात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला, तिकडे समुद्र.

कोल्हापुरात गच्चीवरून इंडेक्स एरर बघायची असेल तर हवा स्वच्छ असेल तेव्हा जोतिबाच्या डोंगराची कड धरा. त्या अंतरावर सहा सेंटीमीटर विरघळून जातात. रात्री कुठलाही ठळक तारा त्याहून बरा. आणि एक विनंती: तीन-चार मिनिटांपर्यंतची इंडेक्स एरर स्क्रूनं काढायच्या भानगडीत पडू नका. वहीत लिहा आणि वजा करा. ते स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवायला बनवलेले नसतात.

आय हाइटचं म्हणाल तर, ती पायाखालच्या जमिनीपासून मोजत नाहीत, पाण्याच्या पातळीपासून मोजतात. तुम्ही लिहिलंय की वाळू जिथे संपते तिथे वर, कठड्याजवळ उभे होता. म्हणजे डोळा पाण्यापासून चारेक मीटर तरी असणार, ओहोटी असेल तर जास्तच. डिप म्हणजे डोळा उंचावर असल्यामुळे क्षितिज जितकं खाली दिसतं तो कोन, मोजलेल्या उंचीतून वजा करायचा. तो काढायचं सूत्र सोपं: १.७६ गुणिले मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ. १.७ मीटरला २.३ मिनिटं येतात, चार मीटरला ३.५. तुम्ही १.२ मिनिटं कमी वजा केलीत. ही चूकसुद्धा उंची वाढवणारी, म्हणजे पुन्हा सूर्याकडेच.

दोन आणि १.२ मिळून ३.२. तुमची सरासरी ३.१.

आकडे इतके गोड जुळले की मलाच जरा संशय येतो, म्हणून तिसरी शक्यताही तपासून घ्या. सूर्याची कड क्षितिजाला टेकवल्यापासून मोबाइलवरची वेळ वाचेपर्यंत किती वेळ जातो? त्या वेळी तिथे सूर्य घड्याळाच्या सहा सेकंदांत साधारण एक मिनिट उतरतो. वेळ उशिरा टिपली गेली तर दुपारनंतरच्या साइटमध्ये तीही रेषा सूर्याकडेच ढकलते. शक्य असेल तर बरोबरच्या कुणाला तरी घड्याळ द्या आणि टेकल्या क्षणी ओरडा. एकटे असाल तर आधी वेळ, मग अंश, मग ड्रम, हा क्रम मोडू नका.

जहाजावर आमच्या ब्रिजची, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीची, उंची ठरलेली असायची. पंचवीस मीटरला डिप ८.८ मिनिटं, आणि माल भरल्यावर जहाज किती बुडालंय त्यानुसार थोडा फरक. किनाऱ्यावर मात्र खाली उभं राहिलं की उंचीतली छोटी चूक जास्त बोचते. रत्नागिरीला एखाद्या कड्यावर साठ मीटरवर उभे असाल आणि पाच मीटर चुकलात तर डिपमध्ये जेमतेम ०.६ मिनिटांचा फरक पडतो. वाळूवर दोनाचे चार मीटर झाले तर एका मिनिटाचा. वर चढायची किंमत अशी की क्षितिज लांब जातं आणि धुरकट हवेत हरवतं. दोन मीटरवरून ते जेमतेम साडेपाच किलोमीटरवर असतं, त्यामुळे धूसर दिवशी खालीच उभं राहिलेलं बरं.

आता डोळ्यांचा आणि पॉवरचा हिशेब, कारण मूळ प्रश्न तोच होता.

६/६ दृष्टीचा डोळा साधारण एक मिनिट अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखतो. कड कडेला टेकली की नाही हे डोळा त्याहून बारीक ओळखू शकतो, पण आपण कडक हिशेब धरू. चार पॉवरच्या दुर्बिणीतून ते एक मिनिट पाव मिनिट होतं, ०.२५. सात पॉवरला ०.१४. ऐकायला मोठा फरक. पण साइटमध्ये डोळा एकटा नसतो. क्षितिज स्वतःच हलत असतं: पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की प्रकाश वाकतो आणि डिप तक्त्याप्रमाणे राहत नाही, लाटांमुळे क्षितिजाची रेघ करवतीसारखी दिसते. चांगल्या दिवशीसुद्धा यापायी अर्ध्या मिनिटाची अनिश्चितता मी धरतोच. वाईट दिवशी ती कित्येक मिनिटांवर जाऊ शकते. स्वतंत्र चुका वर्ग करून मिळवतात आणि मग वर्गमूळ काढतात. चार पॉवरला ०.२५ आणि ०.५ मिळून ०.५६ येतात. सात पॉवरला ०.१४ आणि ०.५ मिळून ०.५२. फायदा ०.०४ मिनिटांचा, म्हणजे पाऊणशे मीटर. हा फायदा तुम्ही नवी दुर्बीण घेऊन मिळवणार, आणि टाकीपायी पावणेचार किलोमीटर घालवणार.

मोठ्या पॉवरचे तोटेही आहेत. हाताचा कंप तितक्याच पटीनं मोठा होतो. नजरेचं वर्तुळ आकसतं, त्यामुळे संध्याकाळी तारा क्षितिजावर उतरवताना तो हातातून निसटतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धूसर क्षितिज मोठं करून बघितलं की ते जास्त धूसर होतं. चार पॉवरमध्ये जी बरी रेघ दिसत असते, ती सात पॉवरमध्ये राखाडी पट्टा होऊन पसरते आणि कड नेमकी कुठे टेकवायची तेच कळेनासं होतं. मार्च ते मे कोकण किनाऱ्यावर जाऊन बघा. ब्रिजवर दोन्ही दुर्बिणी पेटीत असल्या तरी संधिप्रकाशातल्या ताऱ्यांना मी चारचीच लावायचो. तिच्यातून उजेड भरपूर येतो आणि डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. ७×३५ मधून बाहेर पडणारा झोत पाच मिलिमीटरचा. हलत्या डेकवर त्याच्यावर डोळा धरून ठेवणं कटकटीचं. सातची मी काढायचो ती स्वच्छ दिवसाच्या सूर्याला.

तुमच्या नंबरापैकी उणे अडीच विसरून जा. चष्मा काढा आणि दुर्बीण फोकस करा, तेवढं ती भागवते. सिलिंडर मात्र फोकसनं जात नाही. तो डोळ्याच्या एका दिशेत एक आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेत दुसरा फोकस ठेवतो. तुमच्या चष्म्याच्या कागदावर अ‍ॅक्सिसचा, म्हणजे सिलिंडरच्या दिशेचा, आकडा असेल. तो ९० किंवा १८० च्या जवळपास असेल तर एक सोय होते: दुर्बीण खांबावर किंवा माडावर फोकस न करता थेट क्षितिजावर करा. उभ्या रेषा थोड्या फुगलेल्या दिसतील, पण तुम्हाला त्यांच्याशी कर्तव्यच नाही. क्षितिजाची रेघ आणि सूर्याची खालची कड या दोन्ही आडव्या, त्या धारदार झाल्या की काम झालं. अ‍ॅक्सिस ४५ किंवा १३५ च्या आसपास असेल तर ही युक्ती लागू नाही. चष्मा घालूनच बघा आणि आयपीसची रबरी वाटी दुमडून घ्या.

नक्की करायचं असेल तर रात्री गच्चीवर सेक्स्टंटची नुसती दुर्बीण घेऊन, चष्म्याशिवाय, ठळक ताऱ्यावर फोकस करा. टिंब झालं तर उत्तम. टिंब न होता रेघ किंवा पिसारा झाला तर मान तिरकी करा. रेघ मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. फिरली नाही तर दुर्बीण आपल्याच ठिकाणी सावकाश फिरवून बघा. रेघ तिच्याबरोबर फिरली तर भिंग सरकलंय किंवा त्यावर बुरशी आलीय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटी बंद पडून राहिली की ती येतेच.

चाळिशी हा वेगळा मुद्दा आहे, आणि माझ्या मते दृष्टीमुळे होणाऱ्या खऱ्याखुऱ्या मोठ्या चुका तिच्यातून येतात. टेकवताना तुम्ही अर्ध्या मिनिटानं चुकाल, पण वाचताना आर्कवरचा (अंशांच्या कमानीवरचा) अंश एकानं चुकलात तर साठ मैल. ड्रम ५८-५९ मिनिटांवर असला की आर्कवरची खूण पुढच्या अंशावर पोचल्यासारखी दिसते आणि ३४ अंश ५८ मिनिटांचे ३५ अंश ५८ होतात. वाचण्याचा वेगळा चष्मा गळ्यात अडकवा. प्रोग्रेसिव्ह काचा टाळा. त्यांतून ड्रम बघताना मान वर करावी लागते आणि व्हर्नियर (ड्रमशेजारची बारीक मोजपट्टी) तिरका दिसतो.

हे सगळं तपासायला समुद्र लागत नाही. सेक्स्टंट शून्याजवळ लावा, गच्चीवर या आणि सूर्याकडे बघा. मात्र इंडेक्स आणि होरायझन, दोन्ही आरशांपुढच्या गडद काचा आधी लावा. दोन्ही. एक विसरलात तर दुर्बीण सूर्याचा झोत थेट डोळ्यात घालेल आणि तो डोळा पुन्हा येणार नाही. दोन सूर्य दिसतील. एकदा वरचा खालच्याला टेकवा, एकदा उलट, आणि दोन्ही आकडे लिहा: एक शून्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. समजा जानेवारीत ३४.८ ऑन (शून्याच्या वर, आर्कवर) आणि ३०.४ ऑफ (शून्याच्या खाली) आले. फरकाचा निम्मा २.२, ही तुमची खरी इंडेक्स एरर, वजा करायची. बेरीज ६५.२, भागिले चार, १६.३. जानेवारीत सूर्याची अर्धव्यासाची नोंद नेमकी तेवढीच असते. जुलैत ती १५.७ च्या आसपास उतरते. बेरीज जुळली म्हणजे डोळा, दुर्बीण आणि हात तिघं ठीक. दर वेळी मोठी येत असेल तर सूर्य फुगलेला दिसतोय, आणखी गडद काच लावा. कधी मोठी कधी छोटी येत असेल तर तो तुमचा विखुरणारा भाग. हीच चाचणी चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय करून बघा. डोळ्यांबद्दल नेत्रतज्ज्ञ जे सांगणार नाही ते कागदावर दिसेल. ड्रम मात्र शेवटी नेहमी एकाच दिशेनं फिरवून थांबा, नाहीतर दातऱ्यांमधला सैलपणा तुमच्या माथी पडेल.

मग सात पॉवरची दुर्बीण घ्यायचीच नाही का? घ्या, पण क्षितिज बाजूला ठेवून काम करणार असाल तर. कोल्हापूरहून समुद्र रस्त्यानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. रंकाळा तलावाचा पलीकडचा काठ क्षितिज म्हणून चालत नाही. अर्ध्या सागरी मैलावरचा काठ दोन मीटरवरच्या डोळ्याला सुमारे साडेसात मिनिटं खाली दिसतो आणि त्याचं अंतर नेमकं माहीत असावं लागतं. घरी सराव करायचा तर कृत्रिम क्षितिज हवं: पसरट थाळीत स्थिर द्रव, त्यात सूर्याचं प्रतिबिंब, आणि आकाशातला सूर्य उतरवून त्या प्रतिबिंबाला टेकवायचा. पूर्वी पारा वापरत. तो विषारी, घरात आणू नका. पाऱ्याच्या जागी गोऱ्या खलाशांनी मळी वापरल्याचे दाखले आहेत, आणि आपल्याकडे तर काकवी आहे. दाट, काळपट, वाऱ्यानं सहजी न हलणारी. मुंग्यांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करा.

इथे मोजलेला कोन उंचीच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मा करताना डोळ्याची चूकही निम्मी होते. डिप नाही, क्षितिजाची ती अर्ध्या मिनिटाची अनिश्चितता नाही. उरतो डोळा आणि दुर्बीण: चार पॉवरला ०.१२, सातला ०.०७. चुकीचा मोठा वाटेकरी निघून गेल्यावर पॉवरचा फरक खरोखर दिसायला लागतो. चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर मोजून वेळ काढायची जुनी पद्धत करून बघणार असाल तर तिथे पॉवर हवीच: त्या मोजमापात ०.१ मिनिट चुकलं तर रेखांश तीन मिनिटांनी हलतो.

एक मर्यादा आहे. सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंतच मोजतो, म्हणजे काकवीत साठ अंशांपलीकडचा सूर्य धरता येत नाही. आपण १६ अंश ४२ मिनिटांच्या आसपास, त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य फक्त ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हाती लागतो. एरवी सकाळ-दुपारचा घ्या, किंवा रात्री ध्रुव. तो इथे इतका खाली असतो की तिरक्या कोनामुळे द्रवात त्याचं प्रतिबिंब बऱ्यापैकी उमटतं.

विकत घेताना फक्त पॉवर बघू नका, बैठक बघा. दुसऱ्या कंपनीची दुर्बीण पट्टी-रबर लावून बसवली आणि ती सेक्स्टंटच्या प्रतलाला एका अंशानं तिरकी राहिली, तर साठ अंशांच्या कोनात ०.६ मिनिटं जास्त येतात आणि काकवीवरच्या शंभर अंशांच्या कोनात सव्वा मिनिट. म्हणजे पुन्हा ढकलणारीच चूक, आणि पैसे मोजून आणलेली. तुमच्या मॉडेलच्या मूळ खोबणीत बसणारी मिळाली तरच घ्या. तोवर टाकी सोडा, जोतिबा धरा, पाण्यापासून उंची मोजा, आणि गणपतीपुळ्याच्या पुढच्या खेपेचे पाच आकडे मला कळवा.